आभासाची फुंकर

वेदनेविषयी एक गोष्ट सहसा निर्विवाद मानली जाते: ती ज्याची त्यालाच कळते. दुसऱ्याचे दुःख अनुमानाने जाणावे लागते. स्वतःच्या दुःखाला अनुमान लागत नाही. त्यामुळे वेदना खोटी असू शकत नाही, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेने मात्र ही समजूत गुंतागुंतीची केली आहे. बोट कापले, पाय भाजला, की होणारी वेदना शरीरावरील आघाताची वार्ता आणते. परंतु वार्ता नेणारा तंतूच दुखावला गेला, तर जखम भरून आल्यावरही तो वार्ता पाठवीत राहतो. आघात सरलेला असतो, बातमी सरत नाही. या प्रकाराचे टोक म्हणजे नसलेल्या अंगाची वेदना. हात कोपरापासून छाटलेला असतो आणि त्या हाताची बोटे ठणकत असतात. वेदना खरी, तिचा विषय मिथ्या, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

अशा वेदनेवर अलीकडे पुढे आलेला एक उपायही आभासाचाच आहे. डोळ्यांवर एक साधन चढवायचे, संगणकाने उभ्या केलेल्या जगात शिरायचे आणि तेथे खेळायचे. मिथ्येवर मिथ्येचा हा उतारा. त्यातून लाभणारा आराम खरा मानावा काय, आणि तो देण्यात काही नैतिक खोट आहे काय, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात.

हे प्रश्न निव्वळ तात्त्विक कुतूहलाचे नाहीत, हे अंबत्तूरसारख्या ठिकाणाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. चेन्नईच्या वायव्येकडील हे गाव २०११ मध्ये महानगरपालिकेत सामील झाले. पण त्याची ओळख त्याआधीच, १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीने घडवली होती. वाहनांचे सुटे भाग घडवणारे लहान कारखाने येथे दाटीने आहेत, आणि त्यांच्या शेजारी आता संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारतीही आहेत. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्याचा हात क्षणभर चुकला, तर बोट जाते. असे गेलेले बोट मोजण्याची रीत कायद्याने घालून दिली. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, त्याच्या पुढील सुधारित रूपात, अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर्जनी समूळ गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७ टक्के अशी कोष्टके मांडली गेली. या कोष्टकांमागे न्यायबुद्धी होती, यात शंका नाही. तथापि त्यांनी गेलेले बोट मोजले. त्या गेलेल्या बोटात मागे राहिलेला ठणका मोजण्यास त्यांच्यात रकाना नव्हता.

त्या ठणक्याकडे नव्या दृष्टीने पाहणारा एक संशोधक याच शहरात शिकला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. १९५१ साली तमिळनाडूत जन्मलेले व्ही. एस. रामचंद्रन उत्तर चेन्नईतील स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि पुढे केंब्रिजमार्गे कॅलिफोर्नियात स्थिरावले. हात गमावलेल्या काही रुग्णांना आपली नसलेली मूठ घट्ट आवळलेली आहे, नखे तळव्यात रुतत आहेत, असे जाणवे. आणि नसलेली मूठ उघडावी कशी, हा त्यांच्यापुढचा पेच होता. रामचंद्रन यांनी एका पेटीत उभा आरसा बसवला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गमावलेल्या हाताच्या जागी दिसेल, अशी ती रचना होती. रुग्णाने शाबूत मूठ उघडली की आरशातील मूठही उघडे, आणि काहींच्या बाबतीत वेदनेची ती आवळणही सैल होई. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून सर्वांनाच गुण आला असे नाही. परंतु डोळ्यांना दिसलेला आभास मेंदूने बाळगलेल्या दुसऱ्या आभासाची समजूत घालू शकतो, एवढे त्यांनी दाखवून दिले.

आरशाचे काम पुढे संगणकाने हाती घेतले. येथे मात्र दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाचे जग वापरात आणले. जखमा धुतल्या जात असताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकत राहतो. चित्ताची धारणशक्ती मर्यादित असते. ती खेळाने व्यापली की वेदनेला जागा कमी उरते. पडलेल्या मुलाला ‘मुंगी मेली, मुंगी मेली’ म्हणून जमिनीकडे पाहायला लावणाऱ्या घरोघरच्या आजीला हे तत्त्व ठाऊकच होते. मात्र अशा विरंगुळ्याचा अंमल बहुधा खेळापुरता असतो. जुनाट वेदनेला त्याहून अधिक काही हवे. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील मॅक्स ऑर्टिझ-कॅटलान आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हात गमावलेल्या १४ जणांच्या उरलेल्या स्नायूंतील विद्युत्संकेत टिपून, त्यांच्याच बळावर पडद्यावरचा हात हलवला गेला. त्याच संकेतांनी खेळातली मोटारही चालवली गेली. बारा बैठकांनंतर वेदना, मोजण्याच्या पद्धतीनुसार, सुमारे एक तृतीयांश ते निम्म्याने उतरली आणि सहा महिन्यांनंतरही तो उतार टिकून होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या निष्कर्षाला मर्यादा आहेत. परंतु येथे रुग्ण वेदना विसरत नाही. गमावलेल्या हाताशी तो पुन्हा व्यवहार करू लागतो.

मिथ्या वस्तूपासून सत्य परिणाम कसा घडेल, ही शंका भारतीय तत्त्वचिंतनाला जुनी आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, विष प्यालो अशा नुसत्या शंकेनेही मरण ओढवल्याचा दाखला दिला आहे. कारण मिथ्या असले तरी कार्य घडते, असा त्यांचा रोख. अंबत्तूरपासून फार दूर नसलेल्या श्रीपेरुंबुदूर येथे जन्मलेल्या रामानुजाचार्यांनी यावर श्रीभाष्यात निराळा विचार मांडला. दोरीच्या जागी भासलेला साप मिथ्या असेल, पण सापाचे जे ज्ञान झाले ते घडले हे सत्य आहे, आणि भय त्या ज्ञानापासून उपजते. हा भेद प्रस्तुत प्रश्नाला नेमका लागू पडतो. पडद्यावरचा हात खोटा आहे. पण तो आपल्या इच्छेने हलला, ही प्रतीती घडलेली आहे. आराम त्या प्रतीतीतून येतो. म्हणून साधन आभासी आहे एवढ्यावरून आरामाला खोटे म्हणता येणार नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, माणूस वेदना होते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असे नमूद केले. ज्याच्या शब्दावर वेदना मान्य करायची, त्याच्याच शब्दावर तिचे शमनही मान्य करणे भाग आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो तो पलायनाचा. मराठी साहित्यविचाराला तो अपरिचित नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या कला आणि जीवन यांच्या वादात रंजनाला याच आरोपाचे उत्तर द्यावे लागले होते. त्याआधी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचे भान पुरते सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंदाचे मूळ त्यांना दिसले. बर्फाच्या जगात शिरलेला रुग्णही असाच असतो. हे बर्फ नाही हे त्याला ठाऊक असते आणि तरीही त्याला गारवा लाभतो. फसवणुकीत माणसाचे ज्ञान हिरावले जाते. येथे ते त्याच्यापाशीच असते. आभास आणि असत्य यांतील ही सीमारेषा साहित्याच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेदना ही राखणदार आहे. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी हे जवळून पाहिले होते. त्या रुग्णांची बोटे झडत ती आपोआप नव्हे. बधिर हाताला चटका कळत नसे आणि जखमेवर जखम होत जाई. वेदना नसणे हा केवढा शाप असू शकतो, हे त्यांच्या लेखनाने जगापुढे आणले. मग वेदना गप्प करणे हे राखणदाराला झोपवणे ठरत नाही काय? उत्तर असे की, चोर नसताना रात्रभर ओरडणारा राखणदार घराचे रक्षण करीत नाही, घरच्यांची झोप तेवढी हिरावतो. तंतूंची जुनाट वेदना बहुतेकदा अशी आहे. मात्र तिची वार्ता खरोखरच निराधार झाली आहे, हे आधी तपासले पाहिजे. तपासणीवाचून दिलेला आभास निष्काळजीपणा ठरेल.

येथे विचार पुन्हा प्रेसपाशी येतो. वेदना शरीराला वार्ता देते, तशी ती समाजापुढे साक्षही देते. वार्ता खोटी पडली तरी साक्ष खोटी पडत नाही. गेलेल्या बोटात होणारा ठणका तेथे बोट आहे असे सांगतो, ते असत्य. पण तेथे बोट होते आणि ते एका विशिष्ट यंत्राखाली, विशिष्ट घाईत, संरक्षक जाळीवाचून गेले असेल, तर ते सत्यच राहते. उपचाराने कामगाराचा ठणका उतरावा, त्याला झोप लागावी, यात वाद असू नये. दुःखिताने दुसऱ्यांच्या सदसद्विवेकासाठी जागे राहावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ठणका उतरला म्हणून प्रेसला जाळी बसवण्याचे काम उरले नाही, असे जेव्हा मानले जाईल, तेव्हा आभासाचे असत्य सुरू होईल. ते असत्य खेळणाऱ्याचे नसेल, खेळ पुरवणाऱ्यांचे असेल.

मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालते. फुंकरीने जखम भरत नाही, हे तिला माहीत असते, आणि लवकरच मुलालाही कळते. तरी ती खोटी नसते, कारण फुंकर घालून झाल्यावर आई हळद आणायला उठते आणि अंगणातला तो दगडही उचलून बाजूला ठेवते. आभासाच्या साहाय्याने वेदना शमवणाऱ्या विद्येकडून याहून अधिक मागण्याचे कारण नाही; याहून कमी मात्र स्वीकारू नये.