शिसे सुटले, बोरू कशाला सोडायचा?

जुन्या वळणाच्या छापील ‘व’ची गोलाई नीट पाहा. वर डावीकडे ती जाड असते, खाली वळताना बारीक होते आणि उजवीकडे दंडाकडे चढताना पुन्हा जाडावते. रोमन ‘ओ’मध्ये ही जाडी नेमकी उलट बाजूंना पडते. यात कुणाची लहर नाही. देवनागरीच्या बोरूची छाट रोमन लेखणीच्या उलट कलते. हात वळतो, टोकाचा कल तोच राहतो आणि जाड-बारीक आपोआप ठरते. अक्षराचा नियम असा बोरूच्या कांडीतून आला.

पण म्हणून प्रत्येक जुने साधन पुजायचे कारण नाही. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांनी देवनागरीला बराच जाच केला. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे यांसाठी रोमनच्या कितीतरी पट खिळे लागत. जुळाऱ्याला केसच्या घरांमधून ते वेचावे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात हे अवघड काम इतके देखणे करून दाखवले की त्याचे वळण पुढे छपाईचा मापदंड ठरले. मात्र 1933च्या सुमारास हरि गोविल यांनी देवनागरी लायनोटाइप या जुळणीयंत्रावर आणली, तेव्हा मूळची रोमनसाठी बेतलेली 90 कळांची चौकट लिपीला सोसावी लागली. अशा यंत्रांसाठी जोडाक्षरे फोडावी लागली, मात्रा सोयीच्या जागी सरकवाव्या लागल्या. टाइपरायटरने तर आणखी काटछाट केली.

संगणकाने या जाचातून लिपीला सोडवले. ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारामुळे एकाच फॉन्टमध्ये शेकडो जोडाक्षरे सुखाने नांदतात. हा उपकार नाकारून शिशाचे गोडवे गाणे म्हणजे निव्वळ हळहळ.

अडचण वेगळी आहे. पडद्यावर वक्ररेषेचा बिंदू कुठेही ओढता येतो. कागद खरखरत नाही, शाई फुटत नाही, टोक अडत नाही. काहीही चालते, त्यामुळे काय चालू नये हे साधन सांगत नाही. मग रोमन फॉन्टची जाडी जशीच्या तशी उचलून देवनागरीवर बसवली जाते. अक्षर वाचता येते, पण त्याचा तोल ढळलेला असतो.

र. कृ. जोशी (1936–2008) यांचे उदाहरण इथे बोलके आहे. सुलेखनात मुरलेल्या, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवलेल्या या माणसाने विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवला. ‘मंगल’मध्ये बोरूचा नखरा नाही, पडद्याच्या मोजक्या ठिपक्यांत तो टिकलाही नसता. काय सोडायचे हे ठरवायला, काय होते हे हाताला ठाऊक असावे लागते.

कुणी म्हणेल, बोरूही शिशासारखेच एक अपघाती साधन. त्याचे बंधन तेवढे पवित्र का? पवित्र नाहीच. पण शिशाचे बंधन साठवणीतून आणि जुळणीतून आले, बोरूचे लिहिण्याच्या हालचालीतून. पहिले लिपीबाहेरचे, दुसरे लिपीच्या घडणीतले. भौतिक साधनाचे मोल ठरवताना हा निवाडा करायला हवा. सरसकट ‘हाताचे ते अस्सल’ म्हणून भागत नाही.

म्हणून उपयोजित कलेच्या वर्गात बोरू हवा तो प्रदर्शनातल्या शोभेसाठी नव्हे. फॉन्टचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी विद्यार्थ्याने एक सत्रभर बोरू छाटावा, कित्ता गिरवावा, चुकीच्या कोनात धरल्यावर अक्षर कसे बिघडते ते पाहावे. पुढे त्याने हवी तर एकसारख्या जाडीची, बोरूला झुगारणारी अक्षरे काढावीत. तो नियम मोडेल तेव्हा काय मोडतो आहे हे त्याला माहीत असेल, एवढे पुरे.