भिंतीला टेकवलेले टेबल

सिंधुदुर्गातील आपल्या माणसांची घरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलून गेली आहेत. जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची जुनी घरे उतरवून त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी येथे सदनिकांच्या इमारती आल्या. या नव्या बांधकामांत दिवाणखाना, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत बहुधा नसतेच. सगळे मिळून एकच प्रशस्त दालन असते. अशा घरात राहावयास जाणाऱ्या कुटुंबापुढे मग एक साधा प्रश्न उभा राहतो : जेवणाचे टेबल केवढे घ्यावे, आणि ते ठेवावे कोठे?

हा प्रश्न लोक मेस्त्रीला विचारतात, धर्मगुरूला नव्हे. आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या वस्तूभोवती कुटुंब दररोज जमते, तिची जागा ठरविताना आपण नकळत आणखीही काही ठरवीत असतो. या घरात कोण बसून जेवणार व कोण उभे राहून वाढणार, कोण आधी जेवणार व कोण शेवटी, हेही त्याच वेळी ठरून जाते. म्हणून या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेब पाहू. एका माणसाला मोकळेपणाने जेवण्यासाठी टेबलाची सुमारे दोन फूट लांबी लागते. खुर्ची मागे सरकवून उठता यावे आणि मागून कोणाला जाता यावे, यासाठी तीन फूट जागा सोडावी लागते. पाच फूट लांब व तीन फूट रुंद टेबलावर सहा जण बसतात : लांब बाजूंना दोघे दोघे आणि दोन टोकांना एकेक. मात्र चारी बाजूंची जागा धरली, तर या टेबलाला अकरा फूट बाय नऊ फूट एवढा भाग लागतो. इतकी जागा काढणे अनेकांच्या जिवावर येते. सोफा हवा, दूरदर्शन संच हवा, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी वाट हवी. मग टेबलाची एक लांब बाजू भिंतीला टेकवली जाते. तीन फूट वाचतात आणि दोन खुर्च्या जातात.

त्या दोन खुर्च्या कोणाच्या, हा खरा प्रश्न आहे. त्या पाहुण्यांच्या नसतात, घरच्या कर्त्या पुरुषाच्या नसतात, शाळेत जाणाऱ्या मुलांच्याही नसतात. घराघरांतून फिरताना आम्हांला जे दिसते त्यावरून सांगतो : त्यांतील एक खुर्ची रांधणाऱ्या बाईची असते आणि दुसरी बहुधा घरातील म्हाताऱ्या आईची असते. तिला मग ‘तुला सोयीचे पडेल’ असे म्हणून ताट पलंगावर नेऊन दिले जाते.

जुन्या घरांत ही गोष्ट भिंतीने झाकली होती. पुरुष आणि पाहुणे पुढल्या सालीत मेजावर बसत. बायका मागाहून, आत, चुलीजवळ पाटावर बसत आणि उरलेले वाटून घेत. असे कोणी दुष्टपणाने केले नाही. ती रीत होती, आणि भिंत असल्यामुळे ती कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. त्या भिंतीने स्त्रियांना काही दिलेही होते, हे विसरता कामा नये. तेथे त्यांचे स्वतःचे असे एक राज्य होते. पाहुण्यांच्या नजरेआड पदर खोचून बसता येई, मनमोकळे बोलता-हसता येई. आज भिंत गेली. मासळी तळणारी बाई घामाघूम होऊन सर्वांच्या देखत उभी असते, आणि तिच्या समोर, दहा पावलांवर, इतर जण जेवत असतात. तिचा आडोसा गेला. पण तिला खुर्ची मिळाली नाही. केवळ भिंत पाडल्याने घर मोकळे होत नाही, ते असे.

आपल्या ख्रिस्तसभेनेही आपल्या मेजाच्या जागेचा विचार केला आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी 26 सप्टेंबर 1964 रोजी जी सूचना निघाली, तिच्यात मुख्य वेदी भिंतीपासून अलग असावी, तिच्याभोवती फिरता यावे आणि लोकांसमोर तोंड करून मिस्साबली अर्पण करता यावा, हे इष्ट असल्याचे सांगितले आहे. तोवर बहुतेक चर्चमध्ये मुख्य वेदी मागल्या भिंतीलगत असे. शेकडो वर्षांचे ते स्थान काही फुटांनी पुढे आले आणि भाविकांना वेदीभोवतीचा समुदाय म्हणून एकमेकांची नवी ओळख झाली. परंतु वेदी पुढे आल्याने माणसे आपोआप जवळ आली, असा दावा कोणताही प्रामाणिक धर्मगुरू करणार नाही. जागा बदलल्याने शक्यता निर्माण होते. ती पुरी करणे माणसांच्या हाती राहते.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही हे सहज साधले नव्हते. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमे; पण तेथे काही जण आधीच भरपेट खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले. रोमन काळातील श्रीमंत घराच्या भोजनगृहात तीन लांब बैठका असत आणि त्यांवर बेताने नऊ माणसे मावत. बाकीच्यांना बाहेरच्या चौकात जागा मिळत असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल, तर त्या मंडळीच्या दोषात घराच्या रचनेचाही वाटा होता. अंत्युखियात तर खुद्द पेत्र, जो यहुदीतर बांधवांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून माणसे येताच लोकभयाने त्या पंक्तीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद आहे.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभवही याहून निराळा नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा ठेवण्यात आला. तेवढ्यावरून वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाची ती कथा. ती वाचताना आपणांस त्या काळच्या सनातन्यांचे हसू येते. पण आपल्याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी खिडकीत वेगळा ठेवलेला कप आजही काही ठिकाणी आढळतो. रविवारी ती आणि आपण एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेत असू, तर सोमवारी तिचा चहा दाराबाहेर का जातो, याचे उत्तर आपण कोणत्या तोंडाने देणार?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. आपले जेवण गरम खाण्याचे आहे. घावणे तव्यावरून थेट ताटात यावेत, तळलेली सुरमई निवली की तिची गोडी जाते. मग कोणीतरी उभे राहणारच. खरे आहे, परंतु ते कोणीतरी नेहमी एकच का असावे? बेथानीच्या मार्थेचा दाखला देऊन आपण स्त्रियांना प्रार्थनेचा उपदेश करतो. कामाचा सारा भार आपल्या एकटीवर पडला आहे, ही तिची मूळ तक्रार मात्र आपण ऐकून सोडून देतो.

आपल्या किनाऱ्याला याहून जवळचा एक प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. रात्रभर जाळी टाकून शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तो तेथे निखारे पेटलेले आहेत, त्यांवर मासळी आहे, भाकर आहे. पुनरुत्थित प्रभूने स्वतः न्याहारी सिद्ध केली आहे आणि तोच ती वाढतो. ज्याला सर्वांत मानाचे आसन मिळावयाचे, तोच चुलीपाशी उभा आहे. ही घटना रापणीवर गेलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. रापण ओढून झाली की दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा वाळूवरच पडतो. घरातील दोर जी रोज ओढते, तिचा वाटा मात्र उरल्यासुरल्यातून निघावा, हे कोणत्या न्यायाने?

म्हणून टेबल निवडताना आमच्या काही साध्या सूचना आहेत. आधी माणसे मोजावीत. मोजणीची सुरुवात आज जी व्यक्ती शेवटी जेवते तिच्यापासून करावी, आणि आणखी एक खुर्ची अचानक येणाऱ्यासाठी धरावी. शेगडीला सर्वांत जवळची खुर्ची रांधणाऱ्याची असावी, म्हणजे त्याला उठबस करूनही पंक्तीत राहता येईल. म्हाताऱ्या माणसाला हात टेकून उठता येईल, अशी एक हातांची खुर्ची घ्यावी. सर्वांची तोंडे दूरदर्शन संचाकडे होतील, अशी मांडणी टाळावी. जागा अपुरी असेल, तर टेबल एरवी भिंतीलगत राहो. जेवणाच्या वेळी ते पुढे ओढावे. लाकूड फणसाचे की सागाचे, हे आपल्या ऐपतीनुसार ठरवावे. आणि टेबल घेण्याचीच ऐपत नसेल, तर चटईवर गोल करून एकत्र जेवणारे कुटुंब कशालाही मुकलेले नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जेवणाच्या जागेवर प्रभूच्या अंतिम भोजनाचे चित्र लावलेले असते. लिओनार्दोने 1495 ते 1498 च्या सुमारास मिलान येथील मठाच्या भोजनगृहात रंगविलेल्या भित्तिचित्रावरून ते आले आहे. त्यात टेबलाची अलीकडची बाजू मोकळी आहे, जणू त्या दालनात जेवणाऱ्या मठवासीयांकडे ती उघडी ठेवली आहे. ते चित्र ज्या घरात लावले आहे, त्या घरातील प्रत्येकाने आज रात्री जेवताना आपल्या टेबलाची मोकळी बाजू पाहावी, आणि तेथे बसायला हवे होते असे कोण अजून ओट्यापाशी उभे आहे, त्याला हाक मारावी.