पाहुण्याचे सोने आणि कामवालीची अब्रू



गेल्या काही वर्षांत आपल्या वसईच्या किनाऱ्यावर एक नवा जोडधंदा चांगलाच रुजला आहे. शनिवार-रविवार गाठून मुंबईकर अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या पट्ट्यात मोठ्या संख्येने येतात. ज्या वाडीत आपल्या आईवडिलांनी केळी आणि भाजीपाला पिकवला, त्याच वाडीतल्या घराची माडी किंवा मागच्या दोन खोल्या आता एक-दोन रात्रींसाठी पाहुण्यांना दिल्या जातात. कोणी ‘निवास व न्याहारी’ योजनेतून पाहुणे घेतात, तर कोणी थेट मोबाईलवरून. धंदा कष्टाचा आहे आणि प्रामाणिक आहे. त्यातून मुलांची शिक्षणे होतात, जुनी घरे टिकतात. त्याबद्दल आम्हांला आनंदच आहे.

परंतु या धंद्यात एक प्रसंग असा येतो की त्या वेळी काय करावे हे कोणी शिकवलेले नसते. समजा, पाहुणे सकाळी निघून गेले आणि दुपारी फोन आला : ‘‘माझी सोन्याची साखळी उशीजवळ राहिली होती. ती बॅगेत नाही. तुमच्या बाईने खोली कधी झाडली?’’

या वाक्याकडे नीट लक्ष द्या. साखळी हरवल्याची तक्रार आणि चोर कोण याचा निकाल, दोन्ही एकाच दमात आले आहेत. आणि ती ‘बाई’ म्हणजे बहुधा पाड्यावरून कामाला येणारी, रोजच्या मजुरीवर घर चालवणारी, आपली बाजू मांडायला शब्द न सापडणारी. आता यजमानाने काय करावे?

दोन सोप्या वाटा लगेच समोर येतात. पहिली, पाहुण्याने मोबाईलवर वाईट शेरा लिहू नये म्हणून त्याच संध्याकाळी बाईला कामावरून काढून टाकणे. दुसरी, ‘‘हे लोक पैसे परत मिळवण्यासाठी असेच सांगतात’’ असे म्हणून फोन ठेवून देणे. एका वाटेने बाईवर अन्याय होतो, दुसरीने पाहुण्यावर. पण दोन्ही वाटांचे मूळ एकच आहे. सत्य काय आहे हे शोधण्याऐवजी आपली सुटका कशी होईल, एवढेच त्यांत पाहिलेले असते.

आधी चौकशी कोणाची?

पवित्र शास्त्रात नेमका हा प्रश्न आला आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसेल. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम दिला आहे. एखाद्याने आपला पैसा किंवा वस्तू शेजाऱ्याकडे सांभाळायला ठेवली आणि ती त्याच्या घरातून चोरीला गेली, तर चोर सापडल्यास त्याने दुप्पट भरून द्यावे. पण चोर सापडला नाही तर? तर घरधन्याला देवासमोर उभे करावे आणि त्याने स्वतः त्या वस्तूला हात लावला की नाही, याची शहानिशा व्हावी.

चोर सापडला नाही म्हणजे चाकरांना रांगेत उभे करा, असे इथे म्हटलेले नाही. पहिली चौकशी घरधन्याची आहे. घर त्याचे, किल्ली त्याची, विश्वास त्याच्यावर टाकलेला. आपल्याकडे मात्र गोष्ट उलटी घडते. संशय वरून खाली घरंगळत जातो आणि घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या पायाशी येऊन थांबतो. घरधनी, त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा, वायरिंग दुरुस्त करायला आलेला ओळखीचा माणूस, या सर्वांजवळ किल्ली असू शकते. तरीही झडती होते ती कामवालीच्या पिशवीची.

याच अध्यायावर विचार करताना यहुदी धर्मपंडितांनी पुढे आणखी एक भेद केला. जो फुकट वस्तू सांभाळतो, त्याने शपथ घेऊन मोकळे व्हावे. पण जो सांभाळण्याचा मोबदला घेतो, त्याच्याकडून वस्तू चोरीला गेली तर त्याने ती भरून द्यावी. प्राचीन रोमन कायद्यानेही खाणावळ आणि धर्मशाळा चालवणाऱ्यांवर प्रवाशांच्या सामानाची कडक जबाबदारी टाकली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिलेला एक निकालही या दिशेचा आहे. १९९८ साली दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलात पाहुण्याने आपली मोटार उभी करण्यासाठी नोकराच्या ताब्यात दिली आणि ती चोरीला गेली. ‘मालकाच्या जोखमीवर’ असे चिठ्ठीवर छापले होते, तेवढ्याने हॉटेल आपल्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मोटार ताब्यात दिली होती, साखळी उशीजवळ राहिली होती, हा फरक खरा आहे. पाहुण्याच्या विसरभोळेपणाचा सगळा भार यजमानाने उचलावा, असे आम्ही म्हणत नाही. पण भाडे घेतले की जबाबदारी वाढते, हे तत्त्व फार जुने आहे. खोलीचे कुलूप मोडके होते काय? आधीच्या पाहुण्यांकडे राहिलेली दुसरी किल्ली परत घेतली होती काय? मौल्यवान वस्तूंसाठी कुलपाचे कपाट दिले होते काय? कामवालीचा विचार मनात येण्याआधी ही उत्तरे आपण स्वतःला द्यायची आहेत.

नाव हीसुद्धा ठेव आहे

पाहुण्याचे सोने ही यजमानाकडे आलेली एक ठेव. पण त्याच घरात दुसरीही एक ठेव असते आणि ती आहे घरात राबणाऱ्याचे नाव. त्या बाईला गावात काम मिळते ते तिच्या नावावर. ‘‘तिच्यावर संशय होता म्हणून काढली’’ हे एक वाक्य विहिरीवर किंवा बाजारात बोलले गेले, की आळीतली सर्व दारे तिला बंद होतात. साखळी महिन्याने गादीच्या फटीत सापडू शकते. साखळी परत देता येते. पण महिनाभर चार गावांत फिरलेले ते वाक्य परत कसे आणणार?

म्हणूनच चोरीविरुद्धची सातवी आज्ञा आणि खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा एकमेकींना लागून आहेत, असे आम्हांला वाटते. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा धरला, तरी तो उतावळा न्याय ठरतो, असे कॅथलिक धर्मशिक्षण सांगते (क्र. २४७७). आणि कोणाच्या नावाला धक्का लावला असेल, तर क्षमा मिळाल्यानंतरही भरपाईचे कर्तव्य उरते, असेही सांगते (क्र. २४८७). चोरलेले पैसे परत करावे लागतात, तसेच हिरावलेले नावही परत करावे लागते. ते अधिक कठीण आहे.

संशय वाईट माणसांनाच ग्रासतो असे नाही. तोबित हा धर्मशील मनुष्य, जिवावर उदार होऊन मृतांना माती देणारा. दृष्टी गेल्यावर त्याची पत्नी विणकाम करून घर चालवू लागली. एकदा मालकांनी मजुरीबरोबर तिला एक करडू बक्षीस दिले. घरात करडाचा आवाज ऐकून तोबितने विचारले, हे चोरीचे तर नाही? बक्षीस मिळाले असे तिने सांगितले, तरी त्याचा विश्वास बसेना. ज्याचे त्याला परत कर, असा त्याने हट्ट धरला. तेव्हा, तुमची ती सत्कृत्ये आणि तो दानधर्म आता कुठे गेला, अशा अर्थाचे खडे बोल तिने त्याला सुनावले (तोबित, अध्याय २). घाम गाळून मिळवलेल्या गोष्टीबद्दल आपल्याच माणसाने चोरीचा संशय घ्यावा, हे किती झोंबते, ते त्या बोलांत आहे. तोबितला करडू दिसत नव्हते. आपल्यालाही खोलीत काय घडले ते दिसलेले नसते.

आणि वस्तू एखाद्याच्या पिशवीत सापडली तरी? योसेफाचा चांदीचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडला, पण तो तिथे योसेफाच्याच हुकुमावरून ठेवलेला होता. स्पेनमध्ये संत याकोबाच्या यात्रामार्गावर सांतो दोमिंगो दे ला काल्सादा नावाचे गाव आहे. तिथल्या दंतकथेत एका यात्रेकरू तरुणावर रागावलेली खाणावळवाल्याची मुलगी त्याच्या सामानात चांदीचा प्याला लपवते आणि त्या निरपराध तरुणाला फाशी दिली जाते. त्या दंतकथेत तो चमत्काराने जिवंत राहतो. तिथल्या कॅथीड्रलमध्ये त्याची आठवण म्हणून आजही जिवंत कोंबडा-कोंबडी पाळतात. आपल्या कामवालीसाठी असा चमत्कार होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

मग करावे काय?

पहिली गोष्ट म्हणजे पाहुण्याचे दुःख खरे मानावे, पण त्याचा निकाल मात्र मान्य करू नये. ‘‘तुमची वस्तू हरवली याचे वाईट वाटते. आम्ही लगेच शोधतो. पण कोणी नेली हे आम्हांला ठाऊक नाही आणि तुम्हांलाही नाही,’’ असे स्पष्ट, नम्रपणे सांगता येते. साखळी कशी होती, शेवटची कधी पाहिली, हे लिहून घ्यावे. मग दोघांनी मिळून खोली शोधावी : चादरी, उशांचे अभ्रे, न्हाणीघर, केराची टोपली, गादीखालची फळी.

दुसरी गोष्ट, विचारायचे तर सर्वांना एकच प्रश्न विचारावा. ‘‘खोलीत साखळी दिसली का?’’ हा प्रश्न मुलालाही विचारावा आणि बाईलाही. ‘‘तू घेतलीस का?’’ असे कोणालाच विचारू नये. विचारताना चार शेजारी जमवू नयेत.

तिसरी गोष्ट, आपल्या अंगणात कोर्ट भरवू नये. कोणाला खोलीत कोंडणे किंवा जबरदस्तीने झडती घेणे हा आपला अधिकार नाही. भारतीय न्याय संहितेनुसार कोणाला बेकायदा अडवून ठेवणे हाच गुन्हा आहे. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्रीकडूनच, शालीनता सांभाळून घ्यावी लागते. राहत्या घरातील चोरीला त्याच संहितेच्या कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. एवढ्या वजनाचा आरोप आपण संध्याकाळच्या रागात कोणावर टाकावा काय? पाहुण्याला पोलिसांकडे जायचे असेल तर त्याला अडवू नये, सोबत जावे. तिथे किल्ली कोणाकोणाकडे होती, ते सर्व सांगावे, स्वतःच्या घरच्यांसकट. मात्र ‘माझा संशय अमुकवर’ हे वाक्य पुराव्याशिवाय जिभेवर येऊ देऊ नये.

काहीजण म्हणतील, कॅमेरे लावले की प्रश्न मिटला. फाटकावर आणि वाटेवर, पाहुण्यांना आधी सांगून जरूर लावावेत. पण खोलीत कधीही नाही. सोने वाचवण्यासाठी पाहुण्याची लाज विकणे हा सौदा होऊ शकत नाही. एअरबीएनबीनेही ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे जगभर बंद केले आहेत.

उलट प्रसंगातही हाच न्याय लावावा. पाहुणे गेल्यावर आपली पितळी समई दिसत नसेल, तर त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलण्याआधी घर शोधावे, त्यांना खाजगीत सभ्यपणे विचारावे आणि गरज पडल्यास रीतसर तक्रार करावी. ‘अमुक जातीचे लोक, तमुक गावचे लोक असेच’ हे बोल ख्रिस्ती घरात शोभत नाहीत.

उत्तर सापडले नाही तर

खरी कसोटी इथे आहे. बहुतेक वेळा साखळीही सापडत नाही आणि चोरही. मन म्हणते, कोणीतरी दोषी हवाच. पण न कळणे हेही एक सत्य आहे आणि तेवढ्याच सत्यावर उभे राहण्याचे धैर्य आपल्याला मागितले जाते. आपला निष्काळजीपणा झाला असेल, तर ऐपतीप्रमाणे भरपाई द्यावी. झाला नसेल, तर तसे शांतपणे सांगावे आणि वाईट शेरा सोसावा. काही ग्राहक कमी होतील. ते नुकसान खरे आहे, आम्ही ते लहान मानत नाही. पण ते नुकसान आपण भरून काढू शकतो, पाड्यावरची बाई तिचे काढू शकत नाही. म्हणून ते आपण उचलायचे. तिला दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर बोलवावे, किल्ली तिच्या हाती द्यावी. तिच्या नावाची भरपाई त्या किल्लीत आहे.

आणि खरोखरच तिनेच घेतली असे सिद्ध झाले तर? तर सत्य झाकू नये, वस्तू परत केली जावी आणि पाहुण्याला न्याय मिळावा. पण जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर, हे विसरू नये. तिच्या घरी आजारपण होते का, आपण दिलेली मजुरी पुरत होती का, हेही विचारावे. मजुरी कापून ठेवणारा यजमान चोरीबद्दल बोलू लागला, तर त्याने आधी आपली वही तपासावी.

येणाऱ्या सुट्ट्यांत पुन्हा पाहुणे येतील. त्याआधी या आठवड्यात एवढे करू या : खोलीचे कुलूप तपासू या, किल्ल्या मोजू या, एक कुलपाचे कपाट ठेवू या आणि आपल्याकडे काम करणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलू या. ‘‘कधी काही हरवले तर आधी आम्ही स्वतःला विचारू, मग सर्वांना सारखेच विचारू,’’ हा शब्द त्यांना आजच देऊन ठेवू या.