हक्क मागावा की गप्प राहावे?

आपल्या बीड जिल्ह्यात पाऊस कमी आणि नोकऱ्या त्याहून कमी. पहाटे रस्त्याने धावणारी मुले दिसली की ती सैन्यभरतीची तयारी करीत आहेत हे कोणी सांगावे लागत नाही. भरतीच्या दिवशी त्यांची उंची, छाती, डोळे, कान सारे तपासले जाते. जो निरोगी, तोच आत घेतला जातो. यांतील बहुतेक जण आपली नोकरी पूर्ण करून ताठ मानेने घरी येतात. काही जण मात्र पाठीचे दुखणे, बहिरेपण, रक्तदाब, फेफरे किंवा मनाचा आजार घेऊन परततात. त्यांच्या अपंगत्व पेन्शनचा विचार होतो आणि एके दिवशी पत्र येते: हे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेले नाही व सेवेमुळे बळावलेलेही नाही, सबब दावा नामंजूर.

त्यानंतर घरात दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, अपील कर. कोणी म्हणतो, देवाने दिले त्यात समाधान मान, सरकारशी भांडून कोणाचे भले झाले? दुसरे बोलणे ऐकायला अधिक धार्मिक वाटते. म्हणूनच ते खरोखर तसे आहे का, याचा विचार आपण केला पाहिजे.

पहिली अडचण लाजेची आहे. आपल्याकडे मागणाऱ्याला मान नाही. सैनिकाला तर मागणे अधिकच जड जाते, कारण गावाने त्याला देणारा म्हणून ओळखलेले असते. पण मागण्यामागण्यात फरक आहे. मजूर दिवसभर राबून संध्याकाळी मजुरी मागतो, त्याला आपण भिकारी म्हणत नाही. अपंगत्वाची पेन्शन ही याच जातीची आहे. एका माणसाने आपले शरीर देशाच्या कामी लावले आणि त्या कामात ते झिजले, तर ती झीज भरून देणे हे देशावरील ऋण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात ही गोष्ट स्पष्ट केली आहे: न्यायाने जे देणे लागते, ते दान म्हणून देऊ नये. मग न्यायाने जे मिळायचे आहे, ते दान समजून मागायला आपण का लाजावे?

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि ती प्रामाणिक माणसालाच पडते. ज्याला गोळी लागली, त्याची जखम सर्वांना दिसते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि पुढे १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. त्यांचे अपंगत्व कशाने आले, असे कोणी विचारणार नाही. परंतु ज्याला चाळिशीत मधुमेह जडला, ज्याची झोप उडाली, ज्याला एकाएकी झटके येऊ लागले, तो स्वतःशीच म्हणतो, ‘हे नोकरीमुळेच झाले असे मी शपथेवर कसे सांगू? गावात राहिलो असतो तरी झाले असते कदाचित. ज्याची मला खात्री नाही ते मी कसे मागू?’

या प्रश्नाला उत्तर देणारा एक खटला आपल्या देशात होऊन गेला. धरमवीर सिंग हे सिग्नल कोअरमधील शिपाई. १९८५ साली ते भरती झाले. १९९४ साली फेफऱ्याच्या आजारामुळे २० टक्के अपंग ठरवून त्यांना घरी पाठविण्यात आले आणि पेन्शन नाकारण्यात आली. उच्च न्यायालयात ते एकदा जिंकले व पुन्हा हरले. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावेळच्या नियमांचा अर्थ लावताना न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे. आजार सेवेमुळे झाला नाही असे खात्याचे म्हणणे असेल, तर ते खात्याने सिद्ध करावे. वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे लिहावीत, आणि रास्त शंका उरली तर तिचा फायदा जवानाला मिळावा.

हा केवळ कायद्याचा बारकावा नाही. त्यात एक नैतिक विचार आहे. ज्याने धडधाकट मुलगा मोजूनमापून घेतला आणि आजारी माणूस परत केला, मधल्या काळात काय घडले याचे उत्तर त्यानेच दिले पाहिजे. कागद त्याच्याजवळ, डॉक्टर त्याचे, बदलीचे हुकूम त्याचे. तेव्हा अपील करणाऱ्याने न माहीत असलेली गोष्ट माहीत आहे असे म्हणण्याची गरज नाही. आपण कोठे होतो, कोणते काम केले, त्रास केव्हा सुरू झाला, एवढेच त्याने खरे सांगावे. शंका आहे म्हणून गप्प बसणे ही नम्रता नव्हे. त्यात शंकेचा सगळा भार आपण दुबळ्याच्या पाठीवर ठेवतो.

तिसरी अडचण इतरांच्या खोटेपणाची. ‘पुष्कळ जण खोटी कागदपत्रे करून पेन्शन घेतात, मी त्यांच्या रांगेत उभा राहू का?’ असे काही जण म्हणतात. अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यांची वाढती संख्या हा अलीकडे चर्चेचा विषय झाला आहे हे खरे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातही या पेन्शनचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच अधिक असल्याचे नोंदविले आहे. खोटा दावा हे पाप आहे, मग फसवणूक सरकारची का असेना. पण शेजाऱ्याने खोटे माप वापरले म्हणून आपण आपले खरे धान्य विकायचे सोडत नाही. उलट, खोट्यांच्या भीतीने खऱ्यालाही दारातून परत पाठविणे हा अधिकाराच्या जागी बसलेल्यांचा दोष आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ साली नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने, अपंग सैनिकांविरुद्ध खात्याने न्यायालयात अपिलांमागून अपिले करीत राहू नये, असेच सुचविले होते.

मग सहनशीलतेचे काय? ख्रिस्ती माणसाने अन्याय सोसू नये काय? संत पौलाकडे पाहा. त्याने फटके खाल्ले, तुरुंग सोसला. मरणालाही तो तयार होता. तरीही फेस्त सुभेदारापुढे उभा असताना रोमी नागरिक म्हणून त्याने कैसराकडे दाद मागितली. दुःख टाळण्यासाठी त्याने हे केले नाही. खोट्या निर्णयाला खरे म्हणून मान डोलावणे त्याला मान्य नव्हते. स्वतःचे दुःख सोसणे हा सद्गुण आहे. परंतु ज्याच्या दुःखात बायको आणि लेकरेही भरडली जातात, त्याने त्यांच्या वाटणीचे सोडून देण्याआधी दहादा विचार करावा. कोरडवाहू शेत आणि ऊसतोड ही दोन्ही कामे धड शरीर मागतात. ज्याचे शरीर साथ देत नाही, त्याच्या जागी कोयता त्याच्या पत्नीच्या किंवा मुलाच्या हाती जातो. अशा वेळी बापाचा मोठेपणा कोणाच्या शिक्षणातून वजा होतो, हे आपण ओळखले पाहिजे.

रक्कमही क्षुल्लक नसते. या पेन्शनमधील अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात असतो. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याचा लाभ पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मान्य केला.

वाटही ठरलेली आहे. नामंजुरीचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे, ते फेटाळल्यास दुसरे, आणि नंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. उशीर झाला म्हणूनही निराश होऊ नये. तरसेम सिंग १९८३ साली सैन्यातून बाहेर पडले व १९९९ साली न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क कायम राखला, मात्र मागील थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे उशिराने दार बंद होत नाही, पण घरात येणारे कमी होते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी ते पाहूनच अर्ज लिहावा. आता भरती होणाऱ्या अग्निवीरांना मासिक पेन्शन नाही, अपंगत्वाची एकरकमी भरपाई आहे. पण आजार सेवेमुळे आला की नाही, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

शेवटी हा प्रश्न एकट्या सैनिकाचा नाही. नामंजुरीचे पत्र बहुधा अशा भाषेत असते की घरातील कोणाला ते नीट उलगडत नाही, आणि ते ट्रंकेच्या तळाशी जाते. आपल्या धर्मग्रामात शिकलेली मुले आहेत, शिक्षक आहेत, कचेरीची कामे जाणणारे आहेत. एखाद्या घरी बसून ते पत्र वाचून दाखविणे, वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत माहितीच्या अधिकारात मागविणे, बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्याबरोबर जाणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. सैनिकांच्या कुटुंबांना कायद्याची मोफत मदत मिळावी म्हणून २०२५ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे, तिचीही चौकशी करता येईल. अपीलानंतरही ‘नाही’ असेच उत्तर येऊ शकते. तेव्हा त्या माणसाच्या मनात आपण उगाच मागितले असे येऊ नये, आणि तो एकटाच मागत होता असेही येऊ नये. स्वातंत्र्यदिनी आपण सैनिकाला हार घालतो, ते योग्यच आहे. आपल्या आसपासच्या एखाद्या घरात असे पत्र पडून आहे का, याची चौकशी या आठवड्यात आपण सर्वांनी करू या.