पाच टक्क्यांची मुभा

दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेथे ‘असे सहसा घडत नाही’ एवढ्यावर विसंबण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण त्याचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर विद्युत अभियंत्याच्या हिशेबात सापडते.

वेल्समधील सेंघेनिथ येथील कोळशाच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्यू पावले. कारण निर्विवादपणे ठरले नाही; तथापि इशाऱ्याच्या विद्युत घंटांतील ठिणगीवर संशय होता. ठिणगी टाळता येत नसेल तर ती वायू पेटवू शकणार नाही इतकी दुबळी ठेवावी, हा विचार पुढे दृढ झाला.

ज्वालाग्राही वायूच्या जागी मापनयंत्रांना वीज पुरवताना आजही हेच करतात. झेनर डायोड व्होल्टेजला मर्यादा घालतो, रोधक प्रवाहाला. समजा, २८ व्होल्ट आणि ३०० ओहम धरले. तर प्रवाह फार तर ९३ मिलिअँपिअर आणि पलीकडे पोचणारी शक्ती फार तर ०.६५ वॉट. परंतु रोधक छापील आकड्याहून ५ टक्के कमी आणि डायोड ५ टक्के अधिक भरू शकतो. दोन्ही एकदम तसे निघाले तर शक्ती ०.७६ वॉटवर, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी वर जाते.

असा योग विरळा, हे खरे. घरच्या रेडिओत तेवढा धोका पत्करता येतो. फार तर आवाज बिघडेल. येथे मात्र स्वस्त भागांचा लाभ एकाचा आणि स्फोटाची झळ दुसऱ्याला, तीही त्याची संमती न घेता. म्हणून अभियंता सर्वांत वाईट जोडी गृहीत धरतो. वर आंतरराष्ट्रीय मानक दीडपटीचा सुरक्षागुणक मागते, आणि सर्वोच्च श्रेणीत दोन बिघाड एकदम झाले तरी मंडल सुरक्षित राहिले पाहिजे, असा दंडक घालते.

मग सावधपणाला सीमाच नाही काय? आहे. शक्ती इतकी आटवली की यंत्रच चालेना, तर कंटाळलेला माणूस तो अडसर काढून टाकील. म्हणून हिशेब दोन्ही टोकांनी करावा लागतो : जिवासाठी वरचे टोक, उपयोगासाठी खालचे.

सरासरी कारखानदाराला उपयोगी पडते. खाणीत उतरलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र एकच रोधक आणि एकच डायोड येतो. आपले निर्णय ज्यांना सोसावे लागतात, त्यांच्या बाबतीत आपणही हिशेब त्याच बाजूने मांडावयास हवा.