कान्हेरीची टाकी आणि आपला नळ



पावसाळा सरल्यावर आपल्या धर्मग्रामातील तरुणांसह आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहावयास गेलो होतो. आपल्यापैकी अनेकजण तेथे सहलीला गेले असतील. डबा खाल्ला, फोटो काढले आणि परत आलो, एवढेच आपल्याला आठवते. या वेळी सोबत एक जाणकार मार्गदर्शक होते. त्यांनी तीन तास डोंगरावर पायी फिरविले, तेव्हा उमगले की हे खडकात कोरलेले एक गावच आहे.

येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंची येथे वस्ती होती. प्रार्थनेसाठी चैत्यगृह, राहण्यास खोल्या, बसण्यास दगडी ओटे, चढण्यास पायऱ्या, असे सारे आहे. लेण्यांच्या बाहेर पाण्याची टाकी कोरलेली आहेत. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी पन्हळींतून त्यांत उतरते. कित्येक टाक्यांत आजही पाणी आहे.

मार्गदर्शकांनी सांगितले की, ही कामे दानातून झाली. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे. म्हणजे आपल्या वसईकरांच्या शेजारचेच. त्यांच्या दानाचे लेख भिंतींवर ब्राह्मी लिपीत आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. आमच्यातील एका मुलीने विचारले, "फादर, हे पाणी कोण पिणार, हे त्या सोनाराला ठाऊक होतं का?"

त्या प्रश्नाने आम्ही खाली पाहिले, कारण आम्हाला आपला नळ आठवला.

गेल्या मे महिन्यात चर्चच्या फाटकाबाहेरचा नळ आम्हीच बंद करविला. बाहेरचे लोक हातपाय धुतात, चिखल होतो, बिल वाढते, अशा तक्रारी होत्या. त्या खोट्या नव्हत्या. परंतु भर उन्हात कोरडी तोटी फिरवून निघून जाणारी माणसे आम्ही खिडकीतून पाहिली आणि काहीच केले नाही.

आपल्याच लोकांनी जिवंत झरा सोडून पाणी न धरणारी फुटकी टाकी खोदली, असे दुःख यिर्मया संदेष्ट्याच्या मुखातून परमेश्वर व्यक्त करतो (यिर्मया २:१३). आमचे टाके फुटके नव्हते, आम्ही त्याला कुलूप घातले होते. फळ मात्र तेच! तहानलेल्याला दिलेल्या पेलाभर गार पाण्याचीही नोंद प्रभू येशू ठेवतो (मत्तय १०:४२). त्या नोंदवहीत बिलाचा रकाना नाही.

कुणी म्हणेल, फादरांना हे शिकायला बौद्ध लेण्यांत का जावे लागले? इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले आहे. आणि चांगुलपणाचा स्वभावच पसरण्याचा आहे, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही सेमिनरीत पाठ केली होती. पाठ केली, पण आचरली नाही.

आज दुसऱ्या मिस्सानंतर नळ पुन्हा सुरू होईल. चिखल होऊ नये म्हणून खाली फरशी बसवावी लागेल आणि जागा रोज धुवावी लागेल. पहिला आठवडा आम्ही स्वतः धुऊ. पुढच्या आठवड्यांसाठी ज्यांना नाव द्यावयाचे असेल त्यांनी कार्यालयात द्यावे.

नळावर मात्र कुणाचेही नाव लागणार नाही. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू