पाच महिने आणि २८ दिवस

काल रात्री फोनवर तू अर्धा तास बोललास, मी ऐकून घेतलं. आता तू ऐक. मुद्दाम लिहून पाठवते आहे, म्हणजे 'मॅडम असं म्हणाल्याच नव्हत्या' असं नंतर म्हणायला जागा उरायची नाही. कागदाची किंमत तुला कळली असती तर ही वेळच आली नसती.

लेस्टरच्या साइटवरचं तुझं ८४,००० पौंडांचं बिल पाच महिने अडकलंय. ठेकेदार सांगतो, 'मालकाकडून आले की देतो', आणि तू मान डोलावून परत येतोस. एकदा नाही, चारदा! बर्मिंगहॅमच्या संध्याकाळच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसून तू बांधकाम कायद्याचं ११३ वं कलम वहीत उतरवून घेतलं होतंस. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या करारात 'मला मिळाले की तुला' ही अट चालत नाही. अपवाद एकच, वरचा देणेकरी दिवाळखोरीत निघाला तर. आणि तोही करारात तसं लिहिलेलं असेल तरच. त्याचा मालक दिवाळखोरीत निघालाय का? नाही. मग त्या वाक्याला 'बरं' कसं म्हणालास? कायद्याने जी अट निष्प्रभ केली, ती त्याने तुझ्या तोंडावर ऐकवावी आणि तू ऐकून घ्यावीस?

हा कायदा कुणी हौसेने केलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला बांधकामधंदा मंदीत पिचलेला होता. वरच्याने पैसे दाबायचे, खालच्याने कर्ज काढायचं, त्याच्या खालच्याने दुकान बंद करायचं. सर मायकेल लॅथम यांनी १९९४ साली अहवाल दिला तो हेच पाहून. १९९६ ला कायदा झाला आणि १ मे १९९८ पासून लागू झाला. त्यातला गाभा म्हणजे १०८ वं कलम: वाद झाला की कधीही, काम चालू असतानासुद्धा, ॲडज्युडिकेटरकडे, म्हणजे झटपट निर्णय देणाऱ्या तटस्थ माणसाकडे, जायचा हक्क. नोटीस दिल्यापासून सात दिवसांत माणूस नेमून प्रकरण त्याच्या हाती, तिथून २८ दिवसांत निर्णय. तू, म्हणजे दाद मागणारा, राजी असशील तरच आणखी १४ दिवस. आपल्याकडे खास बांधकामासाठी असा कायदा नाही. गावाकडे ठेकेदार अडकलेल्या बिलापायी किती उंबरठे झिजवतात, हे तू लहानपणापासून पाहत आलायस. जिथे हक्क आहे तिथे राहून तू तो पाच महिने खिशात घालून फिरलास. याला मी सोशिकपणा म्हणणार नाही. हा आळस आहे, आणि त्याच्या पोटात भीती आहे.

आता तुझ्या त्या बिलाकडे वळू. करारात ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या नमुन्यात अर्ज केलास असं तू म्हणतोस. तेवढं एक काम तरी नीट केलंस. देय तारखेनंतर पाच दिवसांच्या आत ठेकेदाराने लेखी कळवायला हवं होतं की तो किती देणार आणि तो आकडा कसा काढला. त्याने कळवलं नाही. तो गप्प राहिला की तुझा अर्जच नोटीस होऊन बसतो आणि त्यावरचा आकडा देणं होतो. कमी द्यायचं असेल तर 'पे लेस' नोटीस द्यायची, तीही अखेरच्या तारखेआधी ठरलेल्या मुदतीत. तीही त्याने दिली नाही. अखेरची तारीख उलटून तीन आठवडे झाल्यावर त्याचा ईमेल आला: दुसऱ्या मजल्यावरचं ब्रिकवर्क ओळंब्यात नाही, प्लास्टरला भेगा आहेत. हे वरातीमागून आलेलं घोडं आहे. आणि ते पाहून तूच घाबरलास! 'काम थोडं कच्चं राहिलं होतं मॅडम, म्हणून मागायला तोंड नाही.' अरे, काम कच्चं असेल तर त्याचं खरं मूल्य किती, हा वेगळा वाद आहे आणि तो त्याला लढता येईल. पण आधी नोटिशीतला आकडा भरून. हीथ्रोजवळच्या एका हॉटेलच्या प्रकरणात २०१८ साली अपील कोर्टाने हे स्वच्छ सांगितलं. त्या खटल्याचं ग्रोव्ह हे नाव मी फळ्यावर दोनदा लिहिलं होतं, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून.

ॲडज्युडिकेटरचा निर्णय चुकला तर काय, असंही तू विचारलंस. चुकेल. २८ दिवसांत माणूस चुकतो, हे संसदेला ठाऊक होतं. १९९९ मध्ये मेकॉबच्या खटल्यात न्यायमूर्ती डायसन यांनी हे समजून-उमजूनच निर्णयाची अंमलबजावणी केली. पुढच्याच वर्षी ब्वीगच्या प्रकरणात तर रिटेन्शनच्या, म्हणजे राखून ठेवलेल्या रकमेच्या, हिशोबात ॲडज्युडिकेटरची चूक उघड दिसत होती. तरी अपील कोर्ट म्हणालं, विचारलेल्या प्रश्नालाच त्याने उत्तर दिलंय, ते चुकीचं असलं तरी बांधील आहे. (पैसे घेणारी कंपनी दिवाळखोरीत होती म्हणून वसुली तेवढी थांबली, ती गोष्ट निराळी.) शेवटचा निवाडा पुढे कोर्टात किंवा लवादापुढे होतच असतो. तोवर पैसा कुणाच्या खात्यात राहायचा, एवढंच इथे ठरतं. आणि तुझ्यासारख्याचा धंदा त्या 'तोवर'मध्येच बुडतो.

पुढचं ऐकून तर मी कपाळाला हात लावला. चौथ्यांदा नकार आल्यावर तू रागारागाने सगळी माणसं साइटवरून काढून घेतलीस. काम थांबवायचा हक्क तुला होता. ११२ वं कलम त्यासाठीच आहे. पण आधी सात दिवसांची लेखी नोटीस द्यायची, त्यात कारण लिहायचं. तू काय केलंस? सोमवारी कुणी गेलंच नाही. आता करार तू मोडलास असं तो म्हणेल, आणि म्हणायला त्याच्या हाती काहीतरी आहे. पाच महिने त्याच्या हातात काही नव्हतं, ते तू नेऊन दिलंस. पाच महिने गप्प बसायचं आणि एका सकाळी तडकायचं, यात हुशारी कुठे आली? उद्या माणसं परत पाठव आणि नियमाने नोटीस दे.

'ॲडज्युडिकेशनला गेलो तर पुन्हा काम देणार नाही' म्हणतोस. जो पैसे देत नाही त्याच्या पुढच्या कामाचं काय करणार आहेस? 'खर्च फार येतो' म्हणतोस. आपापला खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, हे खरं. म्हणूनच पाच फायली वकिलाच्या टेबलावर नेऊन आपटायच्या नाहीत. लेस्टर, नॉटिंगहॅम, मागच्या वर्षीचं रिटेन्शन, सगळं एकाच नोटिशीत कोंबायचा तुझा जो बेत आहे, तो आजच सोडून दे. एका नोटिशीत एक वाद. तुझा वाद एका ओळीचा आहे: अर्ज केला, उत्तर आलं नाही, आकडा द्या.

आता त्या गोष्टीकडे येते, जी तू फोनवर घाईघाईत सांगून मोकळा झालास. तुला वाटलं, माझ्या लक्षात येणार नाही. तुझ्या हाताखाली गिलावा करणारा माणूस, दोन मदतनीस घेऊन येणारा. त्याचे ९,२०० पौंड तुझ्याकडे आहेत. त्याला तू काय सांगितलंस? 'मला मिळाले की देतो.' तेच वाक्य! ज्या वाक्याने तुझी झोप उडाली, ते तू शब्द न बदलता खाली ढकललंस. वर म्हणालास, 'त्याच्याकडे कुठे कागद आहे, सगळं तोंडीच ठरलंय.' तुझं हे वाक्य ऐकून मला जितका राग आला, तितका त्या ठेकेदाराचा आला नाही. त्याला मी शिकवलेलं नाही. तुला शिकवलंय.

तोंडी करार म्हणून तो निःशस्त्र आहे, असं समजत असशील तर तुझं ज्ञान २०११ च्या आधीच अडकलंय. १ ऑक्टोबर २०११ नंतर इंग्लंडमधल्या तोंडी करारालाही हा कायदा लागू आहे. अटी ठरल्या नसतील तिथे कायद्यासोबतच्या सरकारी योजनेच्या अटी आपोआप बसतात. तो उद्या तुझ्यावर नोटीस बजावू शकतो, आणि 'वरून आले नाहीत' हे उत्तर तुला चालणार नाही, जसं तुझ्या ठेकेदाराला चालत नाही. त्याला इंग्रजी बेताचं येतं, तो कुणाला विचारणार नाही, यावर तू विसंबला आहेस. तुझे वडील गवंडी होते. शनिवारी मुकादमासमोर मजुरीसाठी ते तासन्‌तास उभे राहायचे, हे तूच मला सांगितलं होतंस, वर्गाच्या पहिल्या दिवशी. या धंद्यात का आलास, असं मी विचारलं तेव्हा.

आता काय करायचं ते सांगते, त्याच क्रमाने कर. सकाळी सातच्या आत त्या गिलाव्याच्या माणसाला फोन कर आणि जमतील तितके पैसे आजच त्याच्या खात्यात टाक. घराच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले असले तरी. उरलेल्यांची तारीख त्याला लिहून दे. मग ठेकेदाराला ॲडज्युडिकेशनची नोटीस: वाद काय, कुठे आणि कधी उद्भवला, काय मागणी आहे, दोघांची नावं, पत्ते. वर्षानुवर्षांच्या अपमानाचा पाढा तिथे वाचू नकोस. मसुदा संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आला पाहिजे. दोन पानांच्या वर गेला तर न वाचता परत पाठवीन. आणि त्यासोबत गिलाव्याच्या पैशांची पावती जोड. ती नसेल तर मसुदा उघडणारसुद्धा नाही.